वैशूची दाढ दुखायची थांबली

सुरत, बुधवार, १४ नोव्हेंबर

दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं नसते, हे बाबाले किती वेळा सांगू? आज फोनवर केवढे खुश! "वैशूची दाढ दुखूनच नाही राहिली. आता अमरावतीले कायले जाचं? इथं कापूस वेचाले माणूस भेटून नाही राहिला."

गेल्या आठवड्यात अमरावतीच्या दातांच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं, आतली नस जिवंत आहे. कीड काढून वर औषध भरलं तर वाचते. पोरगी बारा वर्षांची, दाढेचं मूळ अजून वाढायचं आहे, लवकर या.

माझी दाढ अशीच चूप झाली होती. मायनं तंबाखू दाबला, दुखणं गेलं, सगळे खुश. महिन्यानं गाल सुजला न् दाढ उपटावी लागली. नस मेली होती म्हणून दुखत नव्हती.

वैशूले विचारलं, "थंड पाणी लागते काय?"

"नाही दादा, काहीच नाही लागत."

परवापर्यंत तर रडत होती. काहीच कसं लागत नाही?

बाबा म्हणे, "पैसे पाठव, मंग नेतो." नस वाचवायचे बाईनं पंधराशे सांगितले होते, मेली असली तर रूट कॅनलचे साडेचार हजार. उद्या सकाळीच पाठवतो. साडेचार हजार.