कातळावरची जांभळी

बाबा,

नदीकाठच्या त्या जांभळांच्या ओळीची खरी किंमत काल मी मनाशी मांडून पाहिली. एक अख्खा पावसाळा, आईच्या मळ्याचा कोपरा, तुमचं चार महिने न बोलणं आणि तुमचा एक पांढरा पंचा. बाकीचं या ना त्या रूपात परत मिळालं. पंच्यावरचे जांभळे डाग मात्र आईला शेवटपर्यंत काढता आले नाहीत.

तेव्हा पूल झाला नव्हता, तुम्ही माणसं पैलतीराला नेणाऱ्या होडीवर तारी होता आणि काठ दरवर्षी थोडा थोडा मळ्यात घुसत होता. मी नुकती नर्सरी घातलेली, त्यामुळे मला सगळं कळत होतं. बाजारात जांभळं विकायला येणाऱ्या बायकांकडून रस्त्याकडेच्या झाडांच्या टपोऱ्या बिया गोळा केल्या, पिशव्यांत रुजवल्या आणि पुढच्या वर्षी काठाला लावायला घेतल्या. तुम्ही अनवाणी येऊन उभे राहिलात. म्हणालात, "पाण्यातली जांभळी वायली, वाटेवरली वायली. भैणी आसत त्यो, पण एका घरात नांदूच्यो नाय." मी कचेरीतल्या साहेबासारखा शुद्ध बोललो, वेगळी कसली, जांभूळ ते जांभूळ. आषाढातल्या पुराने रोपं नेली, काठही नेला. तुम्ही शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या. पण दिवाळीपर्यंत पानावर मीठसुद्धा तुम्ही आईमार्फत मागत होता.

पुढच्या ज्येष्ठात, पाणी चढायच्या आधी, नदीतल्या जांभळीचं बी घरी आलं. तुम्ही अंगणात दोन्हींच्या पिशव्या शेजारी शेजारी मांडल्या. माती तीच, पाणी त्याच घागरीतलं. वर्षाने पाहतो तर नदीतलीची पानं बारीकच, आणि फांदी वाकवली की वाकून परत उभी राहते. वाटेवरलीची फांदी कट्कन मोडते. "बघ," तुम्ही म्हणालात, "मातयेन शिकवल्यान नाय. ता बियेतसूनच शिकान इला." ती बारीक पानांची रोपं काठाला लागली आणि आजवर कुठल्याही पुराला हलली नाहीत. तिथून माझं नाव झालं. मळवाटेने येणारा पाहुणा असो की खात्याचा अधिकारी, मी सगळ्यांना सांगत आलो की हे बी मी स्वतः, कातळाकातळावर पोहत जाऊन, सगळ्या नदीतून गोळा केलं.

गेल्या वर्षी विद्यापीठातली एक मुलगी आली. नदीकाठच्या जांभळींत जागेप्रमाणे रक्त कसं बदलतं, ते ती शोधत होती. वरच्या कातळांतली, मधल्या कोंडीच्या डोहातली, खालच्या चिखलातली, आणि आपल्या ओळीतलीही पानं तिने पिशव्यांत भरून नेली. मी तिलाही पोहण्याची गोष्ट रंगवून सांगितली. उन्हाळ्यात ती परत आली तेव्हा पडवीत फोनवर बोलत होती. माझे कान किती तिखट, तुम्हाला माहीत आहे. "काकांची ओळ म्हणजे एकाच आईची पोरं," ती हसत होती, "आणि काका म्हणतात, अख्खी नदी पोहलो."

मग आत येऊन तिने सगळं नीट समजावलं. वरच्या कातळावर धारेला टिकतील अशी झाडं पिढ्यान्‌पिढ्या उरत गेली, खालच्या चिखलात चिखलाला सोसतील अशी. पूर वरचं बी खाली आणतो, खालचं वर जात नाही, म्हणून वरच्या झाडांत आपसांतला फरकही कमी. मी मान डोलावत होतो, पण जीव दारातल्या टेम्पोत अडकला होता. आपल्या ओळीची पोरंबाळं त्यात भरलेली होती, खाडीच्या अलीकडच्या गावासाठी. तिथला काठ चिखलाचा, पाणी संथ, कातळावरच्या बियेला न सोसणारं, आणि गावाची विहीर काठापासून चार पावलांवर.

मी टेम्पो रिकामा करायला लावला. तिथल्या सरपंचबाईंना जाऊन सांगितलं, तुमच्याच काठाचं बी हवं, वर्षभर थांबा. त्या म्हणाल्या, "आमी थांबतलव. ता न्हयेक सांगा."

बोलणं खरं होतं, नदी कुठली थांबते. त्या पावसाळ्यापुरते काठाला निरगुडीचे खुंट ठोकले, मागे दगड रचले. गावच्या बायका काठाने चालत गेल्या आणि एकेका झाडाखालचं बी वेगवेगळ्या फडक्यात बांधून त्यांनी आणलं. एकाच झाडाचं घ्यायचं नाही, हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होतो. श्रावणातल्या मोठ्या पुराच्या दुसऱ्या दिवशी मी विहिरीपाशी गेलो. चार पावलांची तीन झाली होती, पण विहीर होती. आता रोपं दोन वितींची झाली आहेत आणि सरपंचबाई मला चहा दिल्याशिवाय सोडत नाहीत.

त्या उन्हाळ्यात मुलीने जाताना विचारलं होतं, मग या ओळीच्या आईचं झाड कुठलं? वरच्या अंगाला, धारेत, तुम्ही होडी विसाव्याला बांधायचा त्या कातळावरचं झाड मी दाखवलं, आणि तिथवर मीच पोहत गेलो होतो, हे पुन्हा सांगितलं. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, बियांच्या डब्यात ठेवतो. ज्येष्ठातल्या त्या सकाळी खोकत खोकत वल्हं मारत तुम्ही गेलात, त्या कातळापुढे जायचा दम राहिला नाही म्हणून त्याच झाडाखालचं बी पंच्यात बांधून आणलंत. मी काठावर उभा होतो. बाबा, मला पोहता येत नाही.