तळ्याकडच्या खोलीतला पाहुणा

११ सप्टें., गुरुवार
पितृपक्ष. वरवटात या पंधरवड्यात कोणी भुवया करत नाही, ना फेशियल. पार्लर उघडून माशा मारून राह्यली. मोबाइलवर नवा गेम घेतला, कोण्या एकट्याच माणसानं बनवलेला म्हणे. तळ्याकाठी रिसॉर्ट, मालकीण मी! खोल्या द्यायच्या, चादरी बदलायच्या, स्वयंपाकाचं पाहायचं, अन् पाहुण्यायच्या गोष्टी वाचत बसायचं. इंग्रजी सोपं हाये. एक म्हातारी रोज उशी बदलून मागते, तिचं सुनेशी नक्की पटत नसन. लय मजा येते बाप्पा. जेवायले बोलवायले माय आली तं मी नाश्त्याचं ठरवून राह्यली होती. "लोकाच्या चादरी झटकतं, घरची गादी तशीच," म्हणे.

१३ सप्टें., शनिवार
एका पाहुण्याले नाव आपण द्यायचं असते. विचार न करता गजू टाकलं. गजूदादा, माहा मोठा भाऊ. बारा वर्षं झाली घरातून गेला त्याले, पत्ता नाही. गेमातला गजू सामान न घेता आला. तळ्याकडचीच खोली मागितली. पाठमोराच बसते. चेहरा काढायचा कंटाळा केला असन बनवणाऱ्यानं.

१५ सप्टें., सोम.
काका आले जानेफळहून. "वहिनी, हरवलेल्याचं बारा वर्षांनी करतातच. सर्वपित्रीले दर्भाचा पुतळा करू, अग्नी देऊ. पोट्ट्याले मोकळं करा आता." काका गेल्यावर माय मले म्हणे, "तू सांगशील तसं."
वा! म्या कसं सांगू? हो म्हटलं तं म्याच मारला त्याले. नाही म्हटलं तं ही जन्मभर दाराकडं कान लावून बसन. असा राग आला! दादाचाही आला.

१७ सप्टें., बुध.
नवा आचारी ठेवला, सारे पाहुणे खूश. गजू मात्र ताटाले हात लावत नव्हता. आज म्हणे, करपलेली असन तं द्या.
दादा तव्यावरची करपलीच भाकर ओढे अन् माय वरडे.
हाट्! करपलेलं खाणारा जगात तो एकटाच हाये का? दुसऱ्या कोण्या नावानं खेळली असती तरी हेच बोलला असता. बोलते तो इंग्रजीत. मले ऐकू येते ते वऱ्हाडीत, हे मात्र खरं.

१९ सप्टें., शुक्र.
गेमातला हंगाम संपला. सारे बॅगा घेऊन धक्क्यावर उभे, पण होडी सुटत नाही. गजू खोलीतच. खाली दोन बटणं: ठेवा, निरोप द्या. विचारलं, काऊन जात नाही? "आपल्या मनानं जाता येत नाही. तुम्ही सांगा." पाठमोराच.
धक्क्यावर पाह्यलं. सारे तोंड वळवून माह्याकडं पाहून राह्यले होते, ते उशीवाली म्हातारीसुद्धा. भर दुपारी पार्लरचं दार लोटून आत मायजवळ जाऊन बसली. "काय झालं वं?" काही नाही म्हटलं.
काकाचा फोन. गुरुजी ठरले. म्या हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

२१ सप्टें., रवि. सर्वपित्री
अंगणात दर्भ, समिधा, गुरुजी. काका म्हणे, "बोल ना पोरी, काय ते!"
पार्लरमधी येऊन गेम उघडला. आज तो वळून बसला होता. साधाच चेहरा, चार रेघांचा, कोणाचाही असन. तेच मनाले सांगून राह्यली होती तं माय मागं येऊन उभी राह्यली. गेमाचं, नावाचं, तिले म्या काहीच सांगतलं नाही. इंग्रजी तिले वाचता येत नाही. लय वेळ पाह्यलं तिनं.
"किती बारीक झाला," म्हणे.
अन् त्याच्या गालावरून बोट फिरवलं. फिरवत फिरवत बोट खाली बटणांवर गेलं. कोणतं दाबल्या गेलं, मले दिसलं नाही. स्क्रीन पांढरी झाली.
बाहेरून काका, "काय ठरलं?"
मायनं फोन दोन्ही हातात धरला. "थांबा म्हण त्यायले."
सांगून आली. सारे थांबले हायत. स्क्रीन अजून पांढरीच हाये. माय त्याच्याशी हळूहळू काहीतरी बोलून राह्यली, अन् मधीमधी मान हालवून हाव, हाव म्हणते.