चादरीचं दुसरं टोक

९ जून, सोमवार

मला कमिटीत घेतलं! मला! चौथी पास बाईला!

मुकादम स्वतः खाली आला. एरवी तो पायरीवरूनच ओरडतो, "ए, आवरा लवकर!" आज मात्र अगदी जवळ येऊन, "आजी, धुलाईखात्यातर्फे तुम्ही सुधारणा कमिटीत बसायचं. मोठ्या साहेबांनी तुमचंच नाव घेतलंय." मी म्हटलं, साहेबांना माझं नाव ठाऊक आहे? नुसता हसला.

एकवीस वर्षं या दवाखान्याच्या चादरी धुतेय. तळघरातून वरच्या मजल्यावर कधी गेले नव्हते. एकदा गेले होते, पण ते चुकून.

शिडीला सांगितलं. शिडी म्हणजे माझी जोडीदारीण – पंख्याला हात पोचेल एवढी उंच. ती मला ठेंगे म्हणते. म्हणाली, "ठेंगे, वर जाऊन फार बडबडू नकोस." मी म्हटलं, तुझ्या पोटात दुखतंय! तर इतकी हसली की हातातली चादर ओल्या फरशीवर पडली. परत धुवावी लागली.

१२ जून, गुरुवार

काय ती खोली! चारी बाजूंनी काच. आणि खुर्चीला हात! बसले तर पाय जमिनीला टेकेनात. पण पाठ टेकली तसा सगळा थकवा उतरला बघ. आम्ही खाली बादली उपडी घालून बसतो.

साहेब, मुकादम, चष्मेवाली मॅडम (ती सगळं लिहून घेते), औषधखात्यातला एक, स्वयंपाकघरातला एक, आणि मी. साहेब म्हणाले, "सांगा आजी, खाली कसं चालतं?"

उभ्या जन्मात मला असं कोणी विचारलं नव्हतं. घरी मी तोंड उघडलं की मुलगा टीव्हीचा आवाज वाढवतो. मग काय, मी सुटले! मशीन क्रमांक दोन कसं थरथरतं, साबणाची पूड कशी नाकात जाते, धाकटी सून बाळंत झाली त्या दिवशी मी कशी उलटी चप्पल घालून कामावर आले होते – त्याचा इथे संबंध नव्हता, पण आठवलं. सगळे ऐकत होते. साहेब मधून मधून मान हलवत होते.

येताना जिन्यावर गाणं म्हटलं.

१३ जून

नातीला खुर्चीची गोष्ट सांगितली. म्हणाली, "आजी, तिसऱ्यांदा."

१९ जून, गुरुवार

आज जोडीचं काम कसं चालतं ते विचारलं. हे तर माझ्याच हातचं! मी उठून उभं राहून दाखवलं. चादर दोघींनी धरायची. एक टोक तिचं, एक माझं. झटकायची, ताणायची, मग पावलं टाकत एकमेकींकडे यायचं आणि आपलं टोक तिच्या हातात द्यायचं. दिवसाला दोनशे चादरी. एकवीस वर्षं आम्ही दोघी दिवसातून दोनशे वेळा एकमेकींकडे चालत आलोय – नवऱ्याकडे एवढी कधी गेले नाही! असं मी म्हटलं आणि साहेबसुद्धा हसले.

मग मनगटाची गंमत सांगितली. शिडीचं उजवं मनगट दोन वर्षांपासून गेलंय. ओली चादर तिला ओढवत नाही. म्हणून मशीनमधून ओल्या मी काढते, ती कोरड्यांच्या घड्या घालते. मुकादमाला पत्ताच नाही! तो आला की ती ओल्या चादरीला नुसता हात लावून उभी राहते, तोंड असं वाकडं करते जणू केवढा जोर लावलाय. मी तिची नक्कल करून दाखवली. स्वयंपाकघरातल्याच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून.

मॅडम लिहीत होती. मॅडम हसली नाही.

२६ जून, गुरुवार

साहेबांनी कागद वाचला. धुलाईखात्यात काम एकाच्या नावावर आणि करतं दुसरंच. कामगार जास्त आहेत. एकीची नोकरीची मुदत वाढवायची नाही.

शिडीचं नाव घेतलं. तिचं खरं नाव, पूर्ण – क्षणभर मला कळलंच नाही की कोणाबद्दल चाललंय.

साहेब म्हणाले, "कोणाला काही बोलायचंय?" कोणी बोललं नाही. चहा आधीच आला होता.

आज लिहवत नाही.

२७ जून, शुक्रवार

शिडीला पत्र दिलं. दहा वाजता. तिने ते उभ्या उभ्या सगळं वाचलं – ती सातवी शिकलेली आहे, भराभर वाचते. मग घडी केली. चादरीची करतो तशी, कोपऱ्याला कोपरा.

खुंटीवरची पिशवी घेतली. कंगवा, आरसा, जुनी चप्पल. मी म्हटलं, अगं थांब, मी साहेबांना सांगते, माझं ऐकतात ते. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. भिंतीकडे बघावं तसं माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत निघून गेली.

दीड वर्षाने रिटायर होणार होती. घरी कोण आहे तिला? कोणी नाही. इथेच होतं तिचं सगळं.

मीच केलं. मीच मनगटाचं सांगितलं. ही जीभ!

२८ जून

जेवले नाही. सून म्हणाली, "आई, पित्त होईल." होऊ दे.

१ जुलै, मंगळवार

नवी जोडीदारीण दिली. बरी आहे, पोर आहे अजून. पण टोक हातात न देता सोडूनच देते. चादर लोंबते. मी दर वेळी दोन पावलं जास्त चालते.

आज अर्ध्या दिवसात तोंडातून शब्द काढला नाही. मशीनवाला म्हणाला, "आजी, तब्येत बरी आहे ना?"

३ जुलै, गुरुवार

वर गेले. चांगलं लुगडं नेसून, बोलायचं सगळं मनात जुळवून. काचेची खोली बंद! मॅडम बाहेर भेटली. म्हणाली, "कमिटीचं काम संपलं, आजी. अहवाल गेला." म्हटलं, मला कोणी सांगितलं नाही. म्हणाली, "आभाराचं पत्र येईल तुम्हांला."

घरी सुनेपाशी रडले. थोरली सून शाळेच्या कचेरीत आहे, तिला असलं सगळं कळतं. कांदा चिरता चिरता म्हणाली, "आई, मीटिंगमध्ये कोण काय बोललं ते सोडा. कोणाला काय हवं होतं ते सांगा मला."

मग आम्ही एकेक माणूस घेतलं. मुकादमाच्या मेहुण्याचा बाहेर धुलाईचा धंदा आहे. दवाखान्याचं काम त्याला मिळावं म्हणून मुकादमाने मागे एक कागद फिरवला होता – इथली मशीनं निकामी आहेत असा. सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली, काय लिहिलंय न बघता! शिडीने नाही केली. म्हणाली होती, "मशीन चालतंय की. खोटं कशाला लिहू?" मुकादमाला ती नको होती. साहेबांना माणसं कमी करून वरच्यांना दाखवायची होती. मॅडमला अहवाल वेळेत हवा होता.

"आणि मला कशाला बसवलं गं?" मी विचारलं.

सुनेने चिरलेला कांदा ताटात सारला. "कामगारांनाही विचारलं, असं लिहायला कोणीतरी लागतं ना, आई. आणि तुम्ही कोणालाही नाही म्हणत नाही."

मग मीच मनाशी विचारलं – आणि तुला काय हवं होतं गं बये? सगळ्यांना काहीतरी हवं होतं, तू काय मोठी साधी लागून गेलीस!

खुर्ची हवी होती. कोणीतरी ऐकावं एवढंच हवं होतं.

६ जुलै, रविवार

शिडीच्या घरी गेले. आत रेडिओ चालू. मी हाक मारली. रेडिओ बंद झाला. दार उघडलं नाही. पायरीवर बसून अर्धा तास बोलत राहिले – मनगटाचं सांगितलं ती माझी चूक, गंमत म्हणून बोलले, पाया पडते. शेजारीण खिडकीतून बघत होती. बघू दे.

१० जुलै, गुरुवार

आज देव पावला!

जिन्याखालच्या फळ्यावर शिडीच्या पत्राची नक्कल लावलीय. इतके दिवस तिकडे बघायची हिंमत नव्हती. आज उभी राहिले, बोट ठेवून वाचायला लागले. वरच लिहिलंय – संदर्भ : मुदत न वाढवायच्या कामगारांची यादी, दिनांक २ जून.

दोन जून! घरी पळत येऊन ही वही उघडली. मला कमिटीत घेतलं नऊ जूनला. मनगटाचं बोलले एकोणीस जूनला. म्हणजे यादी आधीच झाली होती! मी तोंड उघडायच्या कितीतरी आधी! ते मान हलवत होते, हसत होते – आणि ऐकत कोणीच नव्हतं.

याचं वाईट वाटायला हवं. वाटतंय पण. पण मी नाही केलं! मी नाही! आज पोटभर जेवले. नातीला दोनदा गोष्ट सांगितली. उद्या शिडीकडे जाते, दार फोडून सांगते.

११ जुलै, शुक्रवार

दार उघडलं तिने. मी उंबऱ्यातच सगळं ओतलं – दोन जून, यादी, मी नाही गं, मी नाही!

शिडी म्हणाली, "तारीख मी पहिल्याच दिवशी वाचली."

मग पत्र आणलं. माझं बोट धरून खालच्या ओळीवर ठेवलं. मी तिथवर वाचलंच नव्हतं. 'कमिटीत सर्वानुमते मंजूर.'

"मनगटाचं काय घेऊन बसलीस? तू जन्मभर बोलतच आलीस, मला कधी राग आला? माझं नाव वाचलं तेव्हा तू काय करत होतीस, ठेंगे?"

मी चहात बिस्किट बुडवत होते.