एका हाताचा कीबोर्ड

मंगळवार, दुपार

ठमे, तुला पोटभर आशीर्वाद.

आधी आला तो मशीनमास्तर. ह्यांच्या कचेरीतली टाइपरायटरं जन्मभर दुरुस्त करत आला तोच. माझ्या चहाला उकळी यायच्या आत चपला काढून हा आत. "वहिनी, कुठाय ते नातीनं पाठवलेलं नवं यंत्र?" मागोमाग हेडबाई, जिने चढून धापा टाकत. तिला टायपिंग ह्यांनीच शिकवलं, पुढे ती ह्यांचीच साहेबीण झाली, तरी अजून सर म्हणते. घरात माणसं आली की मला हुरूप येतो हे तुला माहीत आहे. चार कप भरले. ह्यांचा तसाच राहिला.

तू विचारलं होतंस, कीबोर्ड ठेवायचा की परत करायचा. म्हटलं जाणकार आलेच आहेत तर त्यांनाच विचारू. मास्तरनं तो उचलून वजन बघितलं, उलटा केला, कानाशी धरून एकेक बटण दाबलं. म्हणाला, "माल चोख आहे. एवढासा असून जड आहे, म्हणजे मांडीवर सरकायचा नाही. सरांना दुसऱ्या हातानं धरून ठेवायला नको. आवाजही आपल्या जुन्या मशीनच्या भावकीतला."

हेडबाईचं तोंड वाकडं. "लहान करायच्या नादात बाणांची बटणं गाळलीत. आणि निम्मी अक्षरं शिफ्ट दाबून काढायची. एका हाताच्या माणसानं शिफ्ट काय दातांनी धरायची?"

"दात घरी ठेवून येणारी तू सांगतेस," मास्तर म्हणाला. मी इतकी हसले की पदर तोंडाला लावला. हे पण हसले, डाव्या बाजूनं.

मग मी मिरवायला म्हणून ह्यांचे तुला गेलेले निरोप तिला दाखवले. मी बरा आहे काळजी नको तू येऊ नकोस नोकरी नवी आहे. असे सहा होते. हेडबाईनं चष्मा लावून सगळे वाचले, पुन्हा वाचले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "वहिनी, सरांनी मला एका विसरलेल्या पूर्णविरामासाठी आख्खं पान परत करायला लावलंय. ह्यात एकही नाही."

ठमे, तिसरीपर्यंत शिकलेली मी. पूर्णविराम मला कोण शिकवणार.

ते सगळे मी लिहिले. तू बटणांवर चिकटवलेली अक्षरं शोधत, एका बोटानं, एका निरोपाला अख्खी दुपार. पहिल्या आठवड्यात ह्यांनी स्वतः खटाटोप केला. शिफ्टपाशी अडायचं, मनगट लटकायचं, मग मान फिरवून भिंतीकडे बघत पडायचे. तू रोज विचारायचीस आजोबांनी काय लिहिलं, म्हणून मी लिहिलं. आधी ह्यांना विचारून. नंतर न विचारता.

आणि एक. गेल्या महिन्यात ह्यांना परत अर्धांगाचा झटका येऊन गेला. डॉक्टर म्हणाले लहानसा. पण तेव्हापासून घास उतरत नाही, पेज चमच्यानं भरवते, तीही अर्धी बाहेर. घरच्यांना बोलावून घ्या असंही ते म्हणाले होते. मी मान हलवली आणि तुला त्याच दिवशी लिहिलं, बरा आहे. तू नोकरी सोडून येशील ही भीती. दुसरी भीती मला लिहिता येत नाही.

हे सगळं ऐकून हेडबाई रागावली नाही. तुझ्या जुन्या लॅपटॉपपुढे बसली, शिफ्ट पाच वेळा दाबली, पडद्यावर काही विचारलं गेलं, तिनं हो केलं. म्हणे आता शिफ्ट दाबून सोडायची, मग अक्षर दाबायचं, एक बोट पुरतं. इतके दिवस ही सोय आतच होती बघ. मास्तरनं टॉवेलची घडी करून ह्यांच्या मनगटाखाली दिली. "चला सर, डिक्टेशन नाही, तुमच्या मनचं."

दोन कप चहा झाला तोवर ह्यांनी एक ओळ लिहिली. मी मोठ्यानं वाचली. पाठवायचं बटण मी हेडबाईला दाबू दिलं नाही, कबुली माझ्या हातची हवी. ती ओळ हातानंच उतरवून देते, जशीच्या तशी:

आजी खोटं लिहिते. तू ये.

दोन्ही पूर्णविराम त्यांचे आहेत.

तेव्हा कीबोर्ड परत करायचा नाही. बाणांवाचून अडत नाही, आम्हाला कुठे मागे जायचंय. तुझी खोली झाडून ठेवली आहे, गादीला ऊन दाखवलं आहे.

रागावलीस तरी इथे येऊन रागाव.

तुझी खोटारडी,
आजी

ता. क. ती दोघं पुढच्या गुरुवारी पुन्हा येतो म्हणून गेलीत. त्या दिवशी दार तू उघड.