शून्य घालून पाहिलेलं उदाहरण

अण्णा,

ऑक्टोबरच्या परीक्षेआधी तुम्ही मला बीजगणित शिकवलंत, त्याबद्दल लिहिते आहे. मार्चमध्ये मी दहावीला त्याच एका विषयात नापास झाले होते. आता पुन्हा गेला तर सातपूरला कारखान्यात पॅकिंगला बसवायचं, असं आईने ठरवलं होतं. तुम्हाला ते नको होतं. मी त्या गेटातून आत जाऊ नये, एवढंच तुम्ही म्हणत होतात.

पहिली पाळी संपवून तुम्ही चारला घरी येता. हात धुतले तरी नखांत तेल राहतं. आई तांदूळ निवडते आहे आणि आपण स्वयंपाकघरात पाट टाकून बसलो आहोत. कॅन्टीनमध्ये जेवताना माझं पुस्तक वाचून तुम्ही धडा तयार केलेला असतो. बहुपदीचे अवयव पाड, मग अंशात आणि छेदात सारखा असेल तो अवयव काट. गुणलेला अवयव काटायचा, मिळवलेलं पद नाही. मला दोन्ही सारखेच दिसतात. सारखं दिसलं की मी काटते. शेवटी तुम्ही लेथवरची रीत सांगता. ‘‘जॉब कातून झाला की माप बरोबर आलं का पाहायला आम्ही गेज लावतो. तू एक्सच्या जागी आकडा घाल, प्रश्नात आणि उत्तरात. सारखं आलं तर पास.’’ ‘‘कोणता आकडा?’’ ‘‘शून्य घाल. सोपं पडतं.’’ आई खाली बघूनच म्हणते, ‘‘तुम्हाला लय हौस शिकवायची.’’

परीक्षेला आठवडा असताना तुम्ही दारातच, बूट न काढता सांगितलंत. ‘‘शून्य घालू नकोस. इन्स्पेक्शनच्या साहेबांना विचारलं. समज, वर एक्स वर्ग अधिक नऊ, खाली एक्स अधिक तीन. तू चुकून पदं काटून उत्तर काढलंस एक्स अधिक तीन. शून्य घातलं तर दोन्हीकडे तीन, पास. एक घाल, इकडे अडीच, तिकडे चार. माझं गेजच खोटं होतं. एक घाल, दोनही घालून बघ.’’ मी वेणी घालत होते. हो म्हणाले.

पेपरात तसंच उदाहरण आलं. मी पद काटलं, घाईत शून्य घातलं, जुळलं. निकालात तीन गुण कमी पडले. तुम्ही प्रश्नपत्रिका मांडीवर घेऊन बसलात.

‘‘गेज लावलं होतंस?’’

‘‘लावलं होतं.’’

‘‘काय घातलंस?’’

‘‘शून्य. तुम्हीच सांगितलं होतं.’’

‘‘नंतर नको म्हणालो होतो ना?’’

आई ऐकत होती. मी म्हणाले, ‘‘नाही सांगितलं.’’

तुम्ही प्रश्नपत्रिकेची घडी घातलीत. मग म्हणालात, ‘‘राहिलं असेल.’’

पुढच्या मार्चपर्यंत मी पॅकिंगला बसले. मग उदाहरणं पाठ करून पास झाले, पुढे मराठी शिकले, आता शिकवते. तुमचं मात्र तिथेच काहीतरी सुटलं. कडी लावली का ते पाहायला तुम्ही जिन्यातून परत येऊ लागलात. सांगितलेलं चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवू लागलात. एकच जॉब चारचारदा मोजता म्हणून फोरमन बोलला आणि तुम्हाला लेथवरून काढून स्टोअरला बसवलं. तुम्ही तक्रार केली नाही. म्हणालात, माझ्या डोक्याचा भरवसा नाही. मी शेजारी होते. एका वाक्याचं काम होतं. आज सांगू, उद्या सांगू असं करत सहा वर्षं गेली, आणि तुम्ही गेलात. तोवर तुम्ही स्वतःला विसरभोळा म्हणत होतात.

तुमचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं, अण्णा. हे कुणाला सांगू?

आई आता माझ्याकडे असते. परवा शेजारणीला सांगत होती, ‘‘ह्यांना फार लवकर विसर पडायला लागला. पोरीचं वर्ष गेलं त्यात.’’ मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘हो की नाही गं?’’

मी हो म्हणाले.

हा कागद मी घरात ठेवणार नाही. आईला वाचता येतं.