लॉनवरचे पिवळे गोल

२२ सप्टेंबर
बंगल्याच्या लॉनवर तीन पिवळे गोल. ताटाएवढे. तहानलं असेल म्हणून संध्याकाळी पाइप लावून चांगलं भिजवलं. भातशेतीतल्या बाईला दुसरं काय सुचणार! दिवाळीला शेठकडे पाहुणे. तोवर हिरवं झालं नाही तर बंगला सांभाळते म्हणून माझीच हजेरी घेणार.

२६ सप्टें.
गोल परातीएवढे झाले. रोज संध्याकाळी पाणी देते तरी. कडा नारिंगी, मधलं वाळलेलं.
नामदेवला फोन करावा का? शेणव्याच्या नर्सरीतला. गेल्या वर्षी हे लॉन त्यानेच अंथरलं. महिनाभर रोज इथे, माझ्या हातचा कोरा चहा प्यायचा. तो गेल्यापासून चहा एकटीने घेते, आणि आवडत नाही. लिहू नये असं, पण लिहिलं.

२७
केला फोन. आवाज तोच.
"ताई, मुठीत धरून उपटा. चटईगत मुळासकट निघालं तर हुमणी, मुळं खाणारी अळी. नुसती पात हातात आली तर बुरशी."
ताई! सगळं धसई गाव म्हणतं, त्याने म्हटलं की टोचतं.
उपटलं. पात हातात आली, बुडाशी तपकिरी, कुजलेली. मुळं जमिनीत घट्ट.

२८, सकाळी
दव असतानाच बघा म्हणाला होता. बघितलं. गोलाच्या कडेने पांढरं बारीक जाळं, पिंजलेल्या कापसासारखं. ऊन चढलं तसं दिसेनासं झालं. फोनवर सांगितलं.
"मंग बुरशीच. संध्याकाळचं पाणी बंद करा, रातभर गवत ओलं राहतं. सकाळीच द्या."
म्हणजे मीच पोसली.

३० सप्टें.
आला. मी साडी दोनदा बदलली, कामाच्या दिवशी! तो गुडघे टेकून गोल बघत होता, मी त्याची मान. केस पिकायला लागलेत. औषध मारलं, चहा झाला. माझे हे जाऊन वर्षं झाली, त्याची बायकोही गेली. दोघांनाही ठाऊक. आणि बोललो काय, तर बुरशीवर.
निघताना, "गोल वाढले तर बोलवा. मिटले तर मंग यायला नाय लागणार, ताई."

९ ऑक्टो.
मधून हिरवे कोंब. फोटो बघून शेठ खूश. मला रडू आलं.

११ ऑक्टो.
कोपऱ्यातला एकच गोल उरलाय. संध्याकाळी पाइप हातात घेऊन उभी होते. दोन-तीन संध्याकाळी थोडं थोडं पाणी, कोणाला कळतंय...
नळ सोडला नाही. उद्याचं माहीत नाही.

१२
त्याचाच फोन. "कसं हाय लॉन?"
खोटं सांगायचं ठरवलं होतं, तोंडातून खरंच निघालं. मिटत आलं, म्हटलं.
मग म्हणाला, "तरी एकदा येऊन बघून जातो."
कधी ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, सगळ्या बोलण्यात एकदाही ताई म्हणाला नाही. विसरला असेल. की मुद्दामच...