पिंकीच्या उजव्या डोळ्याची व्यवस्था

मी, कचरू तुकाराम साळवे, वय ६७, धर्म बौद्ध, जनावरांच्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त ड्रेसर, राहणार राहुरी, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. अक्कल शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. छातीबद्दल मात्र त्यांनी काही चांगले सांगितले नाही.

१. माझी पत्नी बनाबाई मयत आहे. मुलगा प्रशांत भोसरीला कंपनीत कायम आहे. पोस्टातील बचत व माझी सायकल त्याला द्यावी. सायकल तो चालवणार नाही, तरी देत आहे. घर त्याला देत नाही. ते मी माझ्या पगारातून बांधलेले आहे, वडिलोपार्जित नाही, तेव्हा त्याने वकिलाकडे खेपा घालू नयेत. मुलगा वाईट नाही. पण मागच्या दिवाळीत जेवता जेवता तो म्हणाला, "आबा, एका कुत्रीपायी किती जीव आटवता? द्या की बाजारात सोडून." ती त्याच्याच पायाशी बसलेली होती.

२. कुत्री पिंकी. पांढरी, लहान, वय अंदाजे सात. विद्यापीठातील एक साहेब बदली झाल्यावर माझ्याकडे ठेवून गेले. नाव मी ठेवलेले नाही. तिला डावा डोळा नाही. उजवा आहे, आणि तो राहावा यासाठीच हा कागद आहे. बाकीचे तोंडी सांगून भागले असते.

३. रोजचे काम असे. पाणी उकळून कोमट होऊ द्यावे. स्वच्छ कापसाचा बोळा भिजवून नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला हलके पुसावे. डावी खोबण रिकामी असली तरी तिला वेगळा बोळा घ्यावा. खपली नखाने काढू नये, ओला बोळा ठेवून धीर धरावा. डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंब टाकताना हात मागून आणावा. समोरून आणल्यास ती चावते, आणि तिचे बरोबर आहे. बाटली फोडल्याची तारीख बाटलीवर लिहावी व महिन्याने ती फेकावी, भरलेली असली तरी. डोळा लाल झाला किंवा तिने मिटून धरला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. घरातले शहाणपण चालवू नये.

४. डोळ्यावर येणारे केस छगन न्हावी बोथट टोकाच्या कात्रीने कापतो. ती कात्री दवाखान्यातली असून निवृत्तीच्या दिवशी माझ्या पिशवीत राहून गेली. ती छगनला द्यावी. त्या कात्रीने त्याने गिऱ्हाइकांच्या मिशा कापू नयेत.

५. हे कलम माझी धाकटी बहीण रतनबाई हिच्याबद्दल आहे. विधवा झाल्यावर ती माझ्याकडे राहत होती. तान्ह्या लेकराला घालतात तसे ती पिंकीला काजळ घाली. "डोळं निवत्यात, दादा, तुला न्हाई कळायचं," म्हणे. मी रागावलो, तिने बंद केले. त्यानंतर दोन महिन्यांनी पिंकीच्या डाव्या डोळ्यात गवताचे कुसळ गेले. मी ते काढले, पण डोळा लालच राहिला. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे उरलेले थेंब फळीवर होते. ते मी चार दिवस टाकले. माणसाचे उरलेले औषध जनावराला घालू नका, हे मी एकतीस वर्षे दवाखान्याच्या दारात लोकांना ओरडून सांगितले आहे. पाचव्या दिवशी बुबुळ पांढरे झाले. डोळा काढावा लागला. जनावरांच्या डॉक्टरांनी विचारले, काय घातले होते? मी म्हणालो, बहिणीने काजळ.

रतनबाई शेजारीच उभी होती. काजळ कधीच बंद केलंय, असे ती म्हणाली नाही. "आसंल, दादा. माझाच हात वंगाळ," एवढे म्हणून ती लेकीकडे पारनेरला निघून गेली. मी थांबवले नाही. तीन वर्षे झाली. नातीच्या हातून लिहवलेले तिचे कार्ड दर दोन महिन्यांनी येते: दुसरा डोळा कसा हाय? मी एकाही कार्डाला उत्तर दिलेले नाही. मला तोंड नव्हते.

६. घर, भांडी व अंथरूण-पांघरूण रतनबाईला द्यावे. तिला वाचता येत नाही. प्रशांतने पारनेरला जाऊन कलम पाच तिच्या लेकी-जावयासमोर मोठ्याने वाचावे, एक शब्द गाळू नये. त्यानंतरच पिंकीला सांभाळतेस का, असे विचारावे. ती नाही म्हणाली तर पुन्हा विचारू नये. घर तरीही तिचेच, आणि पिंकीला प्रशांतने न्यावे व कलम तीन रोज स्वतःच्या हाताने करावे. कलम पाच न वाचता विचारले तर ती लगेच हो म्हणेल, हे मला ठाऊक आहे. म्हणून ते आधी वाचावे.

वरील मजकूर मी दोनदा वाचला, कलम पाच तीनदा. खोडाखोड नाही. दोघा साक्षीदारांच्या समोर सही करीत आहे.

कचरू तुकाराम साळवे (सही)

साक्षीदार:
१. सहादेव बाबुराव पगारे, शेजारी (सही)
२. बिभीषण रंगनाथ ढोकणे, निवृत्त तलाठी (सही)

ठिकाण: राहुरी
दिनांक: २३ नोव्हेंबर १९९७